खर्जाचे ओझे



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काहींच्या मनात शंका उभी राहिली असेल. वसंतातल्या या व्यासपीठावर संत येतात, शाहीर येतात, स्वातंत्र्याचे लढे येतात. तेथे बेस गिटारचा अँप्लिफायर आणि त्याच्या स्पीकरची कॅबिनेटे कशासाठी? हा प्रश्न वाद्यांच्या दुकानात सुटावा, असे कोणी म्हणेल तर ते वावगे नाही. मुलुंडचा किंवा बोरिवलीचा एखादा वादक दुकानात जातो आणि विचारतो, ‘हलका अँप्लिफायर कोणता, आणि त्याला कोणते स्पीकर जुळतील?’ दुकानदार उत्तर देतो आणि व्यवहार पुरा होतो. परंतु हा प्रश्न आज विचारता येतो, यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या उत्तराचे काही परिणाम, वादकाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना भोगावे लागतात. म्हणून हा विषय चारचौघांत बोलण्याजोगा आहे.

प्रथम खर्जाचा स्वभाव पाहू या. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. त्या स्वराची एक लाट हवेत सव्वाआठ मीटर लांब पसरते. चाळीतल्या दोन खोल्यांची लांबीही कित्येकदा तेवढी नसते. स्पीकरचा पडदा जेव्हा हवा हलवतो, तेव्हा एक सप्तक खाली उतरून तोच जोर राखायचा असेल, तर पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. त्यातच आपला कान खालच्या स्वरांना मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. तात्पर्य, तार स्वर थोडक्यात संतुष्ट होतो. खर्जाला मात्र पुष्कळ हवा, पुष्कळ जागा आणि पुष्कळ शक्ती लागते.

आपल्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नव्हते, पण अनुभव होता. तंबोऱ्याचा भोपळा पाहा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात पिकणारे हे भोपळे मिरजेच्या कारागिरांकडे जातात, आणि एकोणिसाव्या शतकापासून तेथे सतार-तंबोरे घडत आले आहेत. मोठा, पोकळ, पातळ सालीचा, तरीही ताठ, असा भोपळा कारागीर निवडतो. साल जाड असेल तर नाद कोंडतो आणि ती मऊ असेल तर नाद विरतो. पातळ पण ताठ पेटी हवी, हीच आजच्या स्पीकर कॅबिनेटचीही कसोटी आहे. फरक इतकाच, की तंबोऱ्याला एका बैठकीपुरते ऐकू जायचे असते. ड्रम आणि ट्रंपेट यांच्याशी त्याला झगडावे लागत नाही.

तो झगडा उपनगरांत आला वीज, रेल्वे आणि बोलपट यांच्यामागोमाग. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ साली धावू लागली. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली. १९३१ साली ‘आलम आरा’ गिरगावात झळकला, आणि १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली. १९४३ साली गोरेगावला फिल्मिस्तान आला. चित्रपटाचा वाद्यवृंद वाढला, तसे त्यात गोव्याचे वादक व्हायोलिन, ट्रंपेट आणि डबल बेस घेऊन आले. मरोळ, कुर्ला, कलिना येथील ईस्ट इंडियन वस्त्यांत बँडची परंपरा होतीच. आणि या मंडळींची घरची बोली मराठीच आहे, हे आपण कधीकधी विसरतो. डबल बेस हे माणसाएवढ्या उंचीचे वाद्य. ते टॅक्सीच्या टपावरच्या कॅरिअरला बांधून न्यावे लागे. इतके करूनही बोटांनी छेडलेला त्याचा स्वर ब्रासच्या गर्दीत बुडून जाई.

हीच अडचण अमेरिकेतही होती. एव्हरेट हल नावाच्या बेसवादकाने डबल बेसच्या खालच्या खुंटीत ध्वनिग्राहक बसवला, आणि त्या खुंटीवरूनच ‘अँपेग’ हे त्याच्या कंपनीचे नाव पडले. लिओ फेंडरने १९५१ साली पडदे असलेली, गळ्यात अडकवण्याजोगी विजेची बेस गिटार बाजारात आणली, आणि लगोलग १९५२ साली तिच्यासाठी ‘बेसमन’ हा अँप्लिफायर. वाद्य लहान झाले; पण त्याचा देह जणू दुसऱ्या पेटीत गेला. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर म्हणजे लोखंडी गाभ्याचे दोन जड ट्रान्सफॉर्मर आलेच. मैफली मोठ्या झाल्या तसे हे प्रकरण वाढत गेले. १९६९ साली अँपेगने ३०० वॅटचा एसव्हीटी काढला. त्याच्याबरोबरच्या कॅबिनेटात दहा इंची आठ स्पीकर. दोन्ही मिळून वजन शंभर किलोच्या घरात.

आता हा शंभर किलोचा संसार मुंबईच्या उपनगरात आणून पाहा. हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी बेस गिटारला मानाचे स्थान दिले, आणि ती गाणी वाजवणारे ऑर्केस्ट्रे गणेशोत्सवाच्या मंडपांत आणि लग्नांच्या हॉलांत गाजू लागले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. अशा कलावंताचे सामान वाहणारे वेगळे असतात. ऑर्केस्ट्रातला वादक मात्र स्वतःचा हमालही असतो. मुलुंडहून बोरिवलीला कार्यक्रमासाठी जायचे, तर दादरला उतरायचे, पूल चढायचा, पश्चिम रेल्वेची गाडी धरायची. रिक्षा करावी, तर ती वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे शहरात जात नाही. ८ जून २०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम प्रवास सुकर झाला. परंतु तेथेही सामानाच्या आकाराला आणि वजनाला मर्यादा आहे. शिवाय जुन्या इमारतींत लिफ्ट नाही. ज्याच्यापाशी टेंपोचे भाडे नाही, त्याने बेस वाजवू नये, असाच तो अलिखित नियम होता.

हे वजन कसे उतरले? ते एका युक्तीने उतरले नाही. तीन वाटांनी उतरले.

पहिली वाट विजेच्या पुरवठ्याची. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. इतक्या मंद गतीच्या विजेला ट्रान्सफॉर्मरमध्ये भरपूर लोखंड लागते. तीच वीज आधी एकदिश करून, मग सेकंदाला लाखभर वेळा तोडली, तर मुठीत मावणारा गाभा तेवढेच काम करतो. अमेरिकेत वॉल्टर वुड्स या कारागिराने १९७० च्या दशकात या मार्गाने हलके बेस अँप्लिफायर बनवून दाखवले. दुसरी वाट खुद्द प्रवर्धनाची. जुन्या पद्धतीत अर्ध्याच्या आसपास शक्ती उष्णतेत जाई, आणि ती घालवण्यासाठी अॅल्युमिनियमचे मोठाले पंखे लावावे लागत. ज्याला ‘क्लास डी’ म्हणतात त्या पद्धतीत ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा असतो किंवा पूर्ण बंद, त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास शक्ती स्पीकरपर्यंत पोचते. इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअरने १९६४ सालीच हा प्रयोग विकायला काढला होता, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर मंद होते आणि तो फसला. कल्पना खरी असूनही तिला योग्य साधनाची तीसएक वर्षे वाट पाहावी लागली. तिसरी वाट चुंबकाची. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियमचे चुंबक सिद्ध केले. बारा इंची स्पीकरचे वजन त्यामुळे निम्म्याहून खाली आले. चीनने दुर्मिळ मृदाधातूंची निर्यात आवळली तेव्हा, २०११ च्या सुमारास, या चुंबकांचे भाव असे कडाडले की काही उत्पादक पुन्हा जड फेराइटकडे वळले. बोरिवलीच्या वादकाच्या खांद्यावरचे ओझे दूरच्या खाणींवर अवलंबून असते, हे त्या वेळी दिसले.

आता निवडीकडे वळू. आज ५०० वॅटचा अँप्लिफायर अडीच-तीन किलोंत मिळतो; तो गिटारच्या पिशवीत जातो. तेव्हा खरा विचार करायचा तो कॅबिनेटचा. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या संस्थापकांपैकी हॉफमन यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि नंतरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचे आकारमान आणि स्पीकर यांचा मेळ गणिताने घालून दिला. वॅट स्वस्त आणि हलके झाले, म्हणून आज आपण तिसरी गोष्ट सोडतो आणि पहिल्या दोन घेतो. हलक्या सरंजामाचे मर्म एवढेच आहे.

यावरून काही व्यावहारिक सूत्रे निघतात. वॅटचा आकडा पाहून भुलू नये. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. एक स्पीकर एका वॅटला ९७ डेसिबल देत असेल आणि दुसरा ९४, तर पहिल्याने न बोलता अँप्लिफायर दुप्पट केला, असे समजावे. मग ओहमचा हिशेब. अँप्लिफायरवर ‘किमान ४ ओहम’ लिहिले असेल, तर ८ ओहमचे एक कॅबिनेट घ्यावे. त्यावर ५०० वॅटचा अँप्लिफायर अडीचशे-तीनशे वॅट देईल, आणि लहान कार्यक्रमाला ते पुरते. पुढे तसेच दुसरे ८ ओहमचे जोडले की दोन्ही मिळून ४ ओहम होतात. शक्तीही वाढते आणि हवा हलवणारे क्षेत्रफळही. सुरुवातीलाच ४ ओहमचे कॅबिनेट घेतले, तर दुसऱ्याची वाट बंद होते, कारण ४ आणि ४ मिळून २ होतात आणि तो भार यंत्राला झेपत नाही.

जोडी शक्यतो एकाच जातीची असावी. बारा इंची एक स्पीकर असलेली दोन कॅबिनेटे, प्रत्येकी बारा-पंधरा किलोंची, दोन हातांत दोन उचलता येतात. त्याच वजनाचे एक मोठे खोके दोघांनाही आवरत नाही आणि रिक्षाच्या दारातून आतही जात नाही. वाजवताना ती एकावर एक उभी ठेवावीत, म्हणजे वरचा स्पीकर वादकाच्या कानाजवळ येतो. स्पीकरला स्पीकरचीच जाड वायर वापरावी; गिटारची बारीक वायर तापते. मंडपातल्या विजेचा दाब खालीवर होतो, म्हणून यंत्र किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालते ते पाठीमागे वाचून घ्यावे. आणि दुकानात वरच्या तारांवर बोटे न फिरवता सर्वांत खालची तार वाजवून पाहावी. कॅबिनेटचा पत्रा किंवा फळी किणकिणली, तर हलकेपणा कशातून आला हे तिथेच कळते.

येथवर सर्व आनंदाचे आहे. ज्याला टेंपो परवडत नव्हता तो वादक, ज्या मुलीला ‘हे तुला उचलणार का?’ असे म्हणून परत पाठवले जाई ती मुलगी, ही आता लोकलने जाऊन बेस वाजवू शकतात. ही लहान गोष्ट नव्हे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

खर्ज जड होता तोवर त्याच्या आवाजाला आपोआप एक आळा होता. शंभर किलो उचलायचे म्हटल्यावर माणूस विचार करी. तो आळा गेला. ज्या शोधांनी वादकाची पाठ वाचवली, त्यांनीच विसर्जनाच्या मिरवणुकीत एका ट्रकवर डीजेच्या भिंती उभ्या करणे सोपे केले. यावर कायदा नाही असे नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, सणासुदीच्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या बंधनांवर शिक्कामोर्तब केले. परंतु या नियमातले डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत. हे माप कानाच्या मंदपणाला धरून बनवलेले असल्यामुळे ४० कंपनांचा स्वर त्यात सुमारे ३५ डेसिबलने कमी भरतो. आणि भिंती नेमक्या उलट वागतात. तार स्वर त्या अडवतात, खर्ज मात्र त्यांच्यातून आरपार जातो. म्हणजे जो नाद शेजारच्या खोलीतल्या तान्ह्या मुलाला आणि आजाऱ्याला जाऊन भिडतो, तोच कायद्याच्या काट्यावर सर्वांत हलका ठरतो.

ही उणीव उद्या भरून निघेल, माप बदलेल; तोवर काय? मला वाटते, येथे आपल्याच संगीताकडे पाहावे. तंबोरा सगळ्या मैफलीचा आधार असतो, आणि तो कधी गवयाच्या वर जात नाही. खर्जाने बाकीच्या स्वरांना उभे राहायला जमीन द्यायची असते. ती जमीन हादरवणे हे त्याचे काम नव्हे. घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीच्या हॉलात आठ इंची एक स्पीकर पुरत असेल, तर दोन बारा इंची घरी ठेवावेत. मोठ्या सभागृहात बेसचा स्वर तारेने मुख्य ध्वनियंत्रणेकडे जातोच. रंगमंचावरच्या कॅबिनेटने फक्त वादकाला ऐकवायचे असते. निवड करताना ‘किती मोठा वाजेल?’ इतकेच न विचारता ‘किती हळू वाजला तरी स्वच्छ राहील?’ हेही विचारावे, आणि दुकानात आवाज कमी करून ऐकावे.

शंभर वर्षांत खर्जाचे ओझे वादकाच्या पाठीवरून उतरले, हे खरे. ते नाहीसे झालेले नाही. ते आता शेजाऱ्याच्या भिंतीवर टाकायचे, की वादकाने आपल्या विवेकावर पेलायचे, याचा निर्णय आवाजाच्या बटणावर असलेल्या हातात आहे.