गळका कार्ब्युरेटर : दुरुस्ती की बदल?

देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मोटारींतून तो त्याआधीच गेला होता. तरीही बजाज चेतक, प्रीमिअर पद्मिनी, येझदी, राजदूत अशी वाहने जिव्हाळ्याने जपणारी घरे शहरांत आजही आहेत. या वाहनांची एक नेहमीची तक्रार म्हणजे कार्ब्युरेटरमधून होणारी पेट्रोलची गळती. त्यावर ‘नवा टाका’ असा सल्ला सहज दिला जातो. प्रत्यक्षात गळतीचे मूळ बहुतेक वेळा एखाद्या किरकोळ सुट्या भागात असते. घाईने काढून टाकलेला मूळ कार्ब्युरेटर मात्र पुन्हा मिळेलच, याची शाश्वती नसते.

कार्ब्युरेटरचे काम हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करण्याचे. त्यासाठी त्याच्या पोटात पेट्रोलची एक छोटी टाकी असते, तिला फ्लोट चेंबर म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक जे करतो, तेच येथे फ्लोट करतो. पेट्रोलची पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि त्याला जोडलेली नीडल आपल्या सीटमध्ये बसून आवक थांबवते. ही नीडल नीट बसली नाही, तर पेट्रोल येतच राहते आणि ओव्हरफ्लो होऊन बाहेर पडते.

गळती नेमकी कोठून होते, हे पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये. कार्ब्युरेटर व पेट्रोलची नळी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, कॉक बंद ठेवून काही वेळ थांबावे आणि मग तो सुरू करावा. कॉक बंद असतानाच ओल आली, तर दोष कॉकचा किंवा त्याच्या वरच्या जोडाचा, कार्ब्युरेटर निर्दोष. कॉक उघडल्यावर नळीच्या टोकाशी ओल दिसली, तर नळी किंवा तिची क्लिप बदलून काम भागते. ओव्हरफ्लोच्या वाटेने थेंब पडू लागले, तर नीडल किंवा फ्लोट. चेंबरच्या जोडावर सगळीकडून पाझर असेल, तर गॅस्केट. येथे वाहनाची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. चेतकची टाकी सीटखाली, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वर असते. कॉक उघडा राहिला आणि नीडल खराब असली, तर रात्रभरात टाकीतले बरेचसे पेट्रोल वाहून जाऊ शकते. पद्मिनीची टाकी मागे असून पेट्रोल पंपाने पुढे येते. त्यामुळे तिची गळती मुख्यतः इंजिन सुरू असताना जाणवते.

नीडल काढून उजेडात धरावी. तिच्या निमुळत्या टोकावर कडी उमटली असेल, तर ती झिजली आहे. शक्यतो नीडल आणि सीट ही जोडी एकत्रच बदलावी. जुन्या सीटवर नवी नीडल फार काळ टिकत नाही. मात्र कित्येकदा झीज नसते, केवळ कचरा अडकलेला असतो. टू-स्ट्रोक वाहन महिनोन्‌महिने उभे राहिले, की पेट्रोल उडून जाते आणि त्यातील ऑइलचा चिकट थर मागे राहतो. तो साफ करताच गळती थांबते. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले, तर त्याला छिद्र आहे. असा फ्लोट जड होऊन बुडतो आणि नीडल कधीच पूर्ण बंद होत नाही. जेट साफ करताना तार घालण्याची सवय मात्र घातक. छिद्र किंचित जरी मोठे झाले, तरी मिश्रण कायमचे बिघडते.

उघडलेल्या जोडावर जुने गॅस्केट पुन्हा बसवणे ही खोटी काटकसर आहे. त्यावर साबण किंवा सीलंट लावणे हा तर घरी पोहोचण्यापुरता उपाय. स्क्रू अति आवळण्याचा मोहही टाळावा, कारण मऊ धातूचे आटे जातात आणि जोडाचा पृष्ठभाग वाकतो.

गळतीकडे दुर्लक्ष करण्याची किंमत केवळ पेट्रोलपुरती नसते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळघरातील पार्किंगमध्ये जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकते. फोर-स्ट्रोक इंजिनात दुसराही धोका आहे. जादा पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंग झिजतात. ऑइलच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याखेरीज इंजिन सुरू करू नये.

अलीकडे यात इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या वाहनांची रबरी नळी, वॉशर आणि गॅस्केट या इंधनासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. इथेनॉल ओलावाही शोषून घेते, त्यामुळे फार न चालणाऱ्या वाहनांत गंजाचा धोका वाढतो. म्हणूनच दुरुस्ती करताना इथेनॉलला टिकणारे भाग मागून घ्यावेत.

मग बदल कधी करावा? बॉडीला तडा गेला असेल, सीटचे आटे पूर्ण गेले असतील, किंवा थ्रॉटलचा दांडा त्याच्या भोकात डगमगत असेल, तेव्हा. दांडा डगमगला की तेथून जादा हवा ओढली जाते आणि आयडलिंग कितीही सेट केले तरी स्थिरावत नाही. जाणता कारागीर त्या भोकात नवे बुश बसवू शकतो. पण तो खर्च आणि नव्या कार्ब्युरेटरचा खर्च जवळपास सारखा झाला, तर नवा घेणे श्रेयस्कर. बाजारातील डुप्लिकेट मालात जेटचे माप नेमके असेलच असे नाही. म्हणून जुन्या जेटवरील आकडा नव्याशी ताडून पाहावा आणि जुना कार्ब्युरेटर भंगारात न देता जपून ठेवावा. नवा बसवल्यावर इंजिन गरम करून एअर स्क्रू सेट करावा, काही किलोमीटर वाहन चालवावे आणि प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण ठीक. काळे व ओले असेल, तर पेट्रोल अजूनही जास्त येत आहे.