पूर्वजाचा शोध आणि नात्याचे शब्द: जॉन हाउलंड याचे उदाहरण

घराण्याच्या मूळ पुरुषाविषयी चालत आलेली कथा आणि समकालीन कागद यांत विरोध आढळल्यास प्रमाण कशास मानावे, हा प्रश्न इतिहासाचा आहे. परंतु त्या कागदातील शब्दांचा अर्थ कोणत्या काळाचा घ्यावा, हा प्रश्न भाषाशास्त्राचाही आहे. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १६२० साली उत्तर अमेरिकेतील प्लिमथ येथे वसाहतीस गेलेला जॉन हाउलंड हे याचे बोलके उदाहरण होय.

हाउलंडची पत्नी एलिझाबेथ ही वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याची कन्या होती, अशी समजूत त्याच्या वंशजांत दीर्घकाळ रूढ होती. हाउलंड हा कार्व्हरच्याच पदरी नोकर म्हणून आला होता. सेवकास स्वामीची कन्या लाभली, ही कथा कुलाभिमानास पोषक असल्याने तिच्याविषयी शंका घेण्याचे कोणास सहसा प्रयोजन पडले नाही.

पुढे गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्ड याने वसाहतीचा इतिहास स्वहस्ते लिहून ठेवला होता. त्याचे हस्तलिखित अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास बॉस्टनहून नाहीसे झाले. ते १८५५ साली लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात असल्याचे उघडकीस आले व १८५६ साली छापले गेले. त्यास जोडलेल्या प्रवाशांच्या यादीत एलिझाबेथ ही जॉन टिली याची मुलगी असल्याचे स्पष्ट नमूद आहे. इंग्लंडमधील हेन्लो गावच्या चर्चच्या नोंदवहीत ३० ऑगस्ट १६०७ रोजी झालेल्या तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही मिळते. म्हणजे जहाजात चढली तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. पहिल्याच हिवाळ्यात तिचे आईवडील व काकाकाकू हे सर्व मृत्यू पावले. त्यानंतर या अनाथ मुलीस कार्व्हरच्या घरी आश्रय मिळाला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो ग्राह्य धरल्यास, घरात वाढलेली मुलगी पुढील पिढ्यांच्या स्मरणात घरधन्याची लेक कशी झाली, याचाही उलगडा होतो.

तथापि समकालीन कागद हाती आला म्हणजे शोध संपला, असे नाही. एलिझाबेथचा काका एडवर्ड टिली याच्यासमवेत हेन्री सॅम्सन व ह्युमिलिटी कूपर ही दोन मुले होती. ब्रॅडफर्ड त्यांस या दांपत्याचे ‘कझिन’ म्हणतो. आजच्या अर्थाने ती चुलत किंवा मावस भावंडे ठरतील. वस्तुतः ती एडवर्डच्या पत्नीची भाचा व भाची होत. सतराव्या शतकातील इंग्रजीत तो शब्द भाचा, पुतण्या यांसही लागू होता. हे ध्यानी न घेता वंशवृक्ष मांडल्यास त्यात एक पिढी चुकते.

कालगणनेचेही तसेच. प्लिमथच्या दप्तरात हाउलंडचा मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२ रोजी झाल्याचे लिहिले आहे. त्या काळी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. सबब आपल्या गणनेने ते साल १६७३ होय. त्याच नोंदीत त्याचे वय ऐंशीहून अधिक सांगितले आहे. ते खरे मानल्यास जहाजात चढताना तो किमान सत्तावीस वर्षांचा असला पाहिजे. परंतु ब्रॅडफर्ड त्याचा उल्लेख तरुण म्हणून व कार्व्हरच्या नोकरांत करतो. यामुळे काही अभ्यासक त्याचा जन्म १५९९ च्या सुमाराचा मानतात. वृद्धाचे वय वाढवून सांगण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. म्हणून मृत्यूची तारीख देणारा कागद वयाच्या बाबतीतही तितकाच विश्वसनीय असेल, असे गृहीत धरता येत नाही.

या शोधात वंशजांनी गव्हर्नरचे आजोळ गमावले. त्याऐवजी त्यांस मिळाली ती परक्या किनाऱ्यावर तेराव्या वर्षी पोरकी झालेली आणि १६५० च्या सुमारास दहा हयात मुलांची आई असलेली एक खरीखुरी स्त्री. दंतकथेने तिला थोर पिता दिला होता. पण तिचे स्वतःचे आयुष्य मात्र झाकून टाकले होते.