औषधाचे आयुष्य आणि सोलापूरचा उन्हाळा

औषधाचे गुण काळाबरोबर ओसरतात, ही जाण छापील तारखेहून फार जुनी असून शार्ङ्गधरसंहितेत चूर्ण दोन महिन्यांनी, तर गुटी व अवलेह वर्षाने हीनवीर्य, म्हणजे गुणहीन, होतात असे सांगितले आहे. आसवे व भस्मे मात्र जितकी जुनी तितकी गुणकारी मानली गेली. आधुनिक औषधांबाबत १९४० चा कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम लागू असून, त्यांनुसार मुदत उलटलेले औषध दुकानदाराला विकता येत नाही.

ही मुदत विशिष्ट साठवणुकीच्या अटीवर दिलेली हमी असते, आणि सोलापुरात खरी अडचण तिथेच येते. नियमांच्या ‘पी’ अनुसूचीत ‘थंड जागा’ म्हणजे १० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाची जागा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडणाऱ्या या शहरात, पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर, इन्सुलिनसारखे औषध तारखेआधीच निकामी होऊ शकते. अमेरिकी लष्करी साठ्यांच्या तपासणीत १२२ औषधांच्या सुमारे ८८ टक्के घाण्यांची मुदत किमान वर्षभर वाढवता आली, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तो माल मूळ सीलबंद वेष्टनात, नियंत्रित तापमानात ठेवलेला होता, त्यामुळे तो दाखला घरगुती डब्याला लावणे धाडसाचे ठरते. उलट, १९६३ मध्ये खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद अमेरिकेतच झाली. तथापि असा थेट विषारी परिणाम विरळा, आणि अधिक भय असते ते हृदयविकाराची वा जंतुसंसर्गाची गोळी ऐनवेळी अपुरी पडण्याचे.