थ्री नॉट थ्री : ओळख, भरणी आणि रिकामेपणाची खात्री

ली-एनफिल्ड रायफल आपल्या पोलिसांत आणि एनसीसीत ‘थ्री नॉट थ्री’ म्हणूनच ओळखली गेली. ब्रिटिश लष्कराने ती १८९५ मध्ये स्वीकारली. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तिचे उत्पादन स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले. अशा जुन्या रायफलीची सुरक्षितता एकट्या सेफ्टी कॅचवर सोपवता येत नाही. शस्त्राची ओळख, भरण्याचा क्रम आणि रिकामेपणाची खात्री, या तिन्हींवर ती उभी असते.

१. ओळख. या रायफलीच्या नळीचा व्यास ०.३०३ इंच. पण ईशापूरलाच साठच्या दशकात जवळजवळ तशीच दिसणारी ‘२ए’ रायफल बनली आणि तिचे काडतूस ७.६२ मिमीचे. म्हणून बाह्य रूपावर न जाता शिक्के वाचावेत. बोल्ट आणि मुख्य सांगाडा यांवरचे क्रमांक जुळतात का, तेही पाहावे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला, तर बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांतले अंतर बदलते. ते वाढले की पितळी कवच फाटून तप्त वायू मागे येण्याचा धोका असतो. हे अंतर मापकाने तपासणे हे जाणकार शस्त्रकाराचेच काम.

२. भरणी. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे मावतात. पाच-पाचच्या दोन चार्जर क्लिपांनी ती वरून भरली जातात. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे राहिली, तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. अशा वेळी जोर लावू नये. बोल्ट मागे घेऊन मांडणी सुधारावी. भरताना नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेला आणि बोट चापाबाहेर असावे. बोल्ट पुढे नेतानाच स्प्रिंग ताणली जाते, त्यामुळे बोल्ट बंद होताच रायफल झाडण्यास सज्ज असते. सेफ्टी कॅच डाव्या बाजूला असतो. तो मागे केला की रायफल अडवली जाते, पुढे केला की मोकळी होते.

३. रिकामेपणाची खात्री. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते. शिवाय सुरुवातीच्या मार्क ३ रायफलींत मॅगझिनवर आडवी सरकणारी पट्टी असे. ती आत असताना बोल्ट कितीही मागेपुढे केला तरी खालचे काडतूस वर येत नाही. मॅगझिन भरलेले, पण रायफल रिकामी भासते. म्हणून मॅगझिन काढावे, बोल्ट पूर्ण मागे घ्यावा, चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे. जुनी दारू उशिरा पेटू शकते.

भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे. तेव्हा हा सारा क्रम अधिकृत मैदानात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करायचा. घरात वारशाने अशी रायफल निघाली, तर तिला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे.