डिमेन्शियात बोलण्याची तपासणी कशी होते, आणि हे काम फोनला जमेल का?

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विसरणंच आठवतं. पण अल्झायमरमध्ये बोलणंही बदलतं. उच्चार आणि व्याकरण सुरुवातीला बहुधा ठीक असतं, नेमका शब्द मात्र सापडत नाही. 'सांडशी'च्या जागी 'ते हे, पातेलं धरायचं' येतं. (असं आपण सगळेच अधूनमधून करतो, लगेच घाबरू नका.)

स्पीच थेरपिस्ट एका टेस्टवर थांबत नाहीत. वस्तूंची चित्रं दाखवून नावं विचारतात, वाक्य परत म्हणायला लावतात, एका मिनिटात जमतील तेवढे प्राणी सांगायला सांगतात. साध्या गप्पांत विषय धरून ठेवता येतो का, हेही बघतात. घरच्यांशीही बोलतात, कारण दवाखान्यातलं बोलणं आणि घरातलं बोलणं यात फरक पडतो.

यातलं एक चित्र खूप प्रसिद्ध आहे. १९७२ च्या बोस्टन टेस्टमधलं 'कुकी थेफ्ट'. मुलगा स्टुलावर चढून डब्यातली बिस्किटं चोरतोय, स्टूल कलंडतंय, सिंकमधून पाणी वाहतंय आणि आई शांतपणे ताट पुसतेय. इथे किती शब्द बोलले यापेक्षा काय सांगितलं ते महत्त्वाचं. 'पाणी वाहतंय तरी बाईचं लक्षच नाही' एवढ्या एका वाक्यात बरंच काही येतं.

आता आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा भाग. २०२० च्या 'ॲड्रेस' स्पर्धेत याच चित्राबद्दल बोलणाऱ्या १५६ जणांची रेकॉर्डिंग्ज होती, निम्मे अल्झायमरचे रुग्ण. काही मॉडेल्सनी जवळपास ९० टक्के वेळा बरोबर ओळखलं. भारी वाटतं ना? पण सगळं बोलणं इंग्रजी होतं. मॉडेल काय मोजतं, तर थांबे, पुनरुक्ती, नामांच्या जागी किती सर्वनामं आली वगैरे. मराठीत आपण सर्वनाम सरळ गाळतो. 'आली, बसली, चहा घेतला' हे धडधाकट मराठी आहे, कारण 'ती' क्रियापदातच कळते. इंग्रजीचे आकडे जसेच्या तसे इथे लावले तर गडबडच होणार.

शाळेचाही प्रश्न आहे. रेघांचं चित्र वाचायची सवय नसलेल्या आजीला कमी मार्क पडले, तर तो आजार नव्हे. म्हणूनच आयसीएमआरने भारतीयांसाठी वेगळा टेस्ट-संच केला. तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये आला. त्या पाचांत मराठी नव्हती.

त्यामुळे 'आवाजावरून डिमेन्शिया ओळखा' म्हणणाऱ्या ॲपवर, निदान मराठीसाठी, माझा भरवसा नाही. फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. आजोबा कुठे अडकले, काय म्हणाले, कधीपासून, हे तारखेसकट नोट्समध्ये लिहा. आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी त्यांना विचारा, आणि फाइल फॅमिली ग्रुपवर टाकू नका. तपासणीला जाताना चष्मा आणि कानाचं मशीन न विसरता न्या. कमी ऐकू येणं, नैराश्य, थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता यांमुळेही माणूस असाच गोंधळलेला वाटू शकतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. शिवाय टेस्ट ते घरात जी भाषा बोलतात त्याच भाषेत घ्या, असं तिथे स्पष्ट सांगा. मालवणी असेल तर मालवणीत.