रॅमच्या पट्टीची कुळकथा

डेस्कटॉप संगणक मंदावला की आपण त्याचं झाकण उघडतो, रॅमची जुनी पट्टी काढतो आणि मोठी बसवतो. प्रोसेसर तोच राहतो, तरी काम सुधारतं. हे शक्य होतं, कारण मेमरी हा यंत्राचा स्वतंत्र भाग आहे. आकडेमोड एकीकडे आणि साठवण दुसरीकडे, ही मांडणी चार्ल्स बॅबेजनं एकोणिसाव्या शतकात कागदावर केली होती. चालत्या यंत्रात ती उतरवली बर्लिनच्या कोनराड त्सुझेनं.

त्सुझे स्थापत्य अभियंता होता. लांबलचक गणितात मधली उत्तरं लिहून ठेवण्यातच अभियंत्याचा दिवस जातो, हा त्याचा अनुभव. म्हणून आपल्या यंत्राला ही उत्तरं धरून ठेवता आलीच पाहिजेत, हे त्यानं सुरुवातीलाच ठरवलं. आईवडिलांच्या घरात १९३६ पासून त्यानं झेड-१ उभारायला घेतलं. त्याची मेमरी सरकणाऱ्या पातळ पत्र्यांची होती. पत्रा इकडे की तिकडे, यावरून शून्य की एक ते ठरे.

१९४१ च्या मे महिन्यात त्यानं झेड-३ चालवून दाखवलं. त्यात सुमारे ६०० रिले (विजेनं चालणारे स्विच) आकडेमोडीला आणि सुमारे १४०० रिले मेमरीला लागले. म्हणजे मोठा वाटा साठवणीचाच. एवढ्यात बसायच्या ६४ संख्या, प्रत्येकी २२ बिटांच्या, म्हणजे एकूण १७६ बाइट. आजच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत एका देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. त्या हिशेबानं तिथे जेमतेम ५८ चिन्हं मावली असती.

त्सुझेनं आणखी रिले जोडले असते तर? झेड-३ च्या आज्ञेत मेमरीचा पत्ता सांगायला ६ बिट होते आणि ६ बिटांत ६४ च पत्ते होतात. पासष्टावी संख्या ठेवायला जागा केली, तरी यंत्राला ती सापडली नसती. मेमरी वाढवण्याचा मूळ नियम इथेच दिसतो: किती लागेल हे काम ठरवतं, किती चालेल हे यंत्र ठरवतं.

पुढे अमेरिकेत आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यात एक बिट साठवणाऱ्या डीरॅम या मेमरीचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं. कपॅसिटरमधला विद्युतभार झिरपतो, म्हणून तो सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो. पण जागा इतकी कमी लागते की आजच्या रॅमच्या पट्ट्यांवर डीरॅमच असते.

अशा मेमरीच्या चिपसाठी तेव्हा दुभंगलेल्या जर्मनीनं दोन्ही बाजूंनी धडपड केली. पश्चिमेत सीमेन्सनं १ मेगाबिटची चिप बनवायला तोशिबाकडून तंत्र घेतलं. पूर्वेत ड्रेस्डेनला तयार झालेल्या १ मेगाबिट चिपचा नमुना १२ सप्टेंबर १९८८ रोजी पूर्व जर्मनीचा सर्वोच्च नेता एरिक होनेकरच्या हाती देण्यात आला. तिचं मोठं उत्पादन मात्र कधी झालं नाही. एकीकरणानंतर सीमेन्स ड्रेस्डेनला आली. तिच्यातून इन्फिनिऑन निघाली आणि २००६ मध्ये इन्फिनिऑनमधून क्विमोंडा. मेमरीचे भाव कोसळले आणि जानेवारी २००९ मध्ये क्विमोंडानं दिवाळखोरीचा अर्ज केला.

आज दुकानात पट्टी निवडतानाही झेड-३ मध्ये दिसलेले दोन्ही प्रश्न, किती लागेल आणि किती चालेल, त्याच क्रमानं विचारावेत. आधी काम: नेहमीचे सगळे प्रोग्रॅम उघडे ठेवून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती भरते ते पाहावं. निम्मीच भरत असेल, तर मंदपणाचं कारण दुसरीकडे शोधावं. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडीवरचा खर्च अधिक उपयोगी पडेल. मग यंत्र: मदरबोर्ड कोणत्या पिढीची रॅम घेतो, स्लॉट किती आणि कमाल मर्यादा किती, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत असतं. डीडीआर-४ आणि डीडीआर-५, दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते; एक दुसरीच्या जागी बसत नाही. दोन चॅनेलच्या बोर्डावर १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीची सारखी जोडी घ्यावी आणि पुस्तिकेत दाखवलेल्या स्लॉटमध्येच बसवावी, म्हणजे दोन्ही वाटा वापरल्या जातात. जोडीतली एक पट्टी हळू असेल, तर बहुधा दुसरीही तिच्याच वेगानं चालते. हे सगळं तपासलं की दुकानातल्या झगमगत्या, महागड्या पट्टीचा मोह आपोआप सुटतो आणि पैसे नेमके लागतील तिथेच लागतात.