साताऱ्यांतील देवाचा दरबार

माण तालुक्यांतून पूर्वेस गेलें कीं पंढरपूरची वाट लागते. सातारा जिल्ह्यांतील माणसाला टाळ, मृदंग व कीर्तन हीं घरचींच. म्हणून १९१७ सालीं रेव्हरंड नारायण वामन टिळक संन्यासवृत्तीनें साताऱ्यास राहिले, तेव्हां त्यांची भक्तीची भाषा तेथें परकी वाटण्याचें कारण नव्हतें. अवघडलें तें ख्रिस्ती मंडळींचें मन!

टिळक कांहीं नवखे नव्हते. १८९५ त मुंबईस बाप्तिस्मा घेऊन ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनांत आले; तेथें त्यांनीं धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकविलें, उपासनेला मराठी वळणाचीं गीतें दिलीं, पुढें 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळला. चित्पावन ब्राह्मण कवि आपल्यांत आला, याचा पुष्कळांस अभिमान होता. पण मिशनचा पगार सोडून त्यांनीं साताऱ्यांत 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना आंत बोलाविलें!

कित्येकांच्या मतें ही मंडळीची वेसच पाडणें होतें. ज्यांनीं बाप्तिस्म्यापायीं घरदार आणि जातगोत गमावलें, त्यांना असें वाटावें हें स्वाभाविकच. त्यांच्या दुःखाला, श्रोतेहो, कमी लेखूं नये. दुसऱ्यांना येथें परक्या पैशावांचून उभें राहणारें स्वदेशी ख्रिस्तीपण दिसलें. मला हा दुसरा पक्ष अधिक पटतो. मात्र पहिल्या पक्षाच्या प्रश्नाला दरबार चालवूनच उत्तर द्यावयाचें होतें, आणि त्यास उणींपुरीं दोन वर्षें लाभलीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत टिळक निवर्तले.